जुनी जीप आणि नवें पातें

घरांतील जुन्या वस्तूला नवें काम लावावें, ही इच्छा संसारी मनुष्यास स्वाभाविक आहे. जुन्या लुगड्याची गोधडी होते, मोडक्या पलंगाच्या फळ्यांचें फडताळ होतें, आणि आजोबांच्या काठीचा पडद्याचा दांडा होतो. आपल्या एकत्र कुटुंबांत ही काटकसर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु गोधडी आणि यंत्र यांत एक भेद आहे. गोधडी उसवली तर ती पुन्हां शिवतां येते, व तोंवर कोणाचें कांहीं अडत नाहीं. यंत्र मात्र नव्या कामांत मोडलें, तर त्याचें जुनें कामहि त्याच क्षणीं बंद पडतें. आणि त्या जुन्या कामावर कधीं कधीं घरांतील एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

याच स्वरूपाचा एक प्रश्न आमच्या कुटुंबांत यंदा एकाच आठवड्यांत दोन ठिकाणांहून उपस्थित झाला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें थंड मुलखांत परदेशीं आहेत, आणि कित्येकांच्या घरीं गांवाकडे जुनी जीप अद्याप उभी आहे. म्हणून त्याचा विचार येथें सविस्तर केल्यास तो अस्थानीं होणार नाहीं, असें वाटतें.

पहिला प्रश्न आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांचा. ते अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो शहरालगत राहतात. त्यांच्या दारांत २००३ सालची रँग्लर जातीची जीप आहे. तिच्या चारही चाकांस इंजिनाचा जोर पोंचवितां येतो. हिवाळ्यांत घरापुढील बर्फ लोटण्यासाठीं तिच्या तोंडाशीं पोलादी पातें बसवावें काय, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. दुसरा प्रश्न आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचा. ते येथें साक्रीस असतात व पिंपळनेरच्या बाजूचा आमचा मळा पाहतात. कुळकायद्यानंतर उरलेली ती थोडकी जमीन. तीत कांदा, मका व बाजरी होते. मळ्यावर १९९२ सालची महिंद्रा जीप आहे, व तीहि चारही चाकांच्या जोराचीच. चुलतभावानें फोनवर पाठविलेल्या चित्रफितींत शेजाऱ्याची एक जुनी जीप भराभर बर्फ लोटीत असलेली त्यांनीं पाहिली, आणि पावसाळ्यांत मळ्याच्या वाटेवर येणारा गाळ व गोटे असेच लोटावे, ही कल्पना त्यांच्या मनांत भरली. ‘काका, अमेरिकेंत जमतें तें साक्रींत कां जमूं नये?’ हा त्यांचा प्रश्न. त्यांत उद्धटपणा नव्हता, विचार होता. म्हणून त्यास विचारानेंच उत्तर देणें प्राप्त होतें.

आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रविद्या आमची नव्हे. परंतु साक्रीच्या मिस्त्र्यांपाशीं बसून, पुतण्यांकडून माहिती मागवून व थोडी आंकडेमोड करून जें समजलें, तें पुढें देत आहों.

प्रथम हें पातें म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. इंग्रजींत त्यास बर्फाचा नांगर अशा अर्थाचें नांव आहे. आपला ‘नांगर’ हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’ यापासून आला, आणि लाङ्गलाचें काम जमीन फोडण्याचें. हें पातें कांहींच फोडीत नाहीं. तें फक्त लोटतें. तेव्हां आपल्या औतांत त्याचें नातें नांगराशीं नसून, जमीन सपाट करण्यासाठीं बैलांमागें जुंपतात त्या केणीशीं अधिक आहे. भेद इतकाच, कीं केणी मागून ओढली जाते आणि हें पातें पुढें धरून ढकललें जातें. हा भेद लहान वाटतो, पण त्याचें महत्त्व पुढें दिसेल. सुमारें दोन मीटर रुंद व अर्धा मीटर उंच असें वांकविलेलें पोलादी पातें, त्यास चासीशीं जखडणारा लोखंडी सांगाडा, उचलण्या-टेकविण्यासाठीं तेलाच्या दाबावर चालणारा पंप, आणि खालीं कांहीं अडलें असतां पात्यानें पुढें कलून स्वतःस वांचवावें म्हणून जाड स्प्रिंगा, एवढा त्याचा संसार असतो. लहान जीपसाठीं केलेल्या हलक्या संचाचें वजनहि दीडशें ते अडीचशें किलो भरतें.

जीपला शेतकामास लावण्याची कल्पना नवी नाहीं व वेडगळहि नाहीं. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां अमेरिकेंतील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड कंपनीनें लष्करी जीपचा नागरी अवतार बाजारांत आणला, तो शेतकऱ्यास डोळ्यांपुढें ठेवून. नांगर ओढण्यासाठीं मागें आंकडा, इंजिनाचा जोर बाहेर काढून पट्ट्यावर दुसरीं यंत्रें चालविण्याची सोय, आणि पुढें बर्फ लोटण्याचें पातें, अशीं उपांगें त्या जीपसाठीं मिळत. त्याच जातीच्या जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत माझगांव येथें जुळविल्या जाऊं लागल्या. हें काम करणारी कंपनी १९४५ मध्यें महिंद्रा अँड मोहम्मद या नांवानें निघाली होती. १९४८ मध्यें तिचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा झालें. परंतु पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. शेतीच्या सर्व कामांस जीप पुरली असती, तर याच कंपनीस १९६३ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या साह्यानें ट्रॅक्टरचा वेगळा कारखाना काढण्याचें कारण पडलें नसतें. माणसें नेण्यास जीप आणि माती हलविण्यास ट्रॅक्टर, अशी वांटणी कोणी हुकूम काढून केली नाहीं. ती कामानेंच केली.

आपल्याकडे दानधर्माचा विचार देश, काल आणि पात्र या तीन दृष्टींनीं करण्याची रीत आहे. यंत्राच्या प्रश्नांतहि हीच त्रयी उपयोगी पडते, असें आम्हांस दिसून आलें.

प्रथम देश. बफेलो हें शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोंकास वसलें आहे. हिवाळ्याच्या आरंभीं सरोवराचें पाणी अद्याप उबदार असतें. त्यावरून थंड वारा वाहूं लागला म्हणजे तो वाफ उचलतो, आणि किनाऱ्यास लागल्यावर ती बर्फाच्या रूपानें टाकून देतो. नोव्हेंबर २०२२ मध्यें शहराच्या दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्क येथें अवघ्या कांहीं दिवसांत ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. आणि त्याच वर्षीं नाताळच्या सुमारास आलेल्या हिमवादळांत त्या भागांतील चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. तेव्हां दारापुढील बर्फ हटविणें ही तेथें हौस नव्हे. तें आपल्याकडील पाणी भरण्याइतकें नित्याचें काम आहे.

परंतु त्या बर्फाचें वजन किती? ताजा व कोरडा बर्फ घनमीटरास पन्नास ते शंभर किलोच भरतो, कारण त्यांत बहुतेक हवा असते. तो बसला व ओला झाला म्हणजे तीनशें-चारशें किलोपर्यंत जातो. आतां आपल्याकडील गाळ घ्या. नुसत्या पाण्याचें वजन घनमीटरास हजार किलो; मातीनें भरलेल्या ओल्या गाळाचें सोळाशें ते अठराशें. पात्यापुढें एका वेळीं अर्धा घनमीटर ढीग जमला, तर ताज्या बर्फाचा भार फार तर पन्नास किलो होईल, आणि गाळाचा आठशें ते नऊशें किलो. तीन मीटर रुंद व तीस मीटर लांब वाटेवर फूटभर ताजा बर्फ पडला, तर तो सारा मिळून पावणेतीन टनांच्या आंत असतो. त्याच वाटेवर केवळ वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटर गाळ आला, तर तो पंधरा टन होतो. जीप स्वतः एक ते दीड टनाची. निसरड्या चिखलांत उभी राहून तिनें आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ढीग लोटावा, हें होणें नाहीं. एक तर चाकें जागच्या जागीं फिरतील, किंवा तीं फिरलीं नाहींत तर आंतील कांहींतरी तुटेल.

शिवाय साक्रीची भूमि पहा. पश्चिमेकडून सह्याद्रीचे फांटे उतरत येतात. तालुक्यांत जागोजाग काळ्या दगडाच्या, भिंतीसारख्या उभ्या व लांबच लांब धारा आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस डाईक म्हणतात. जोराची एक सर आली कीं नाले या उतारांवरून मुरूम, गोटे व काळी माती घेऊन खालीं येतात. काळी माती ओली असतां चाकाला डिंकासारखी चिकटते, आणि वाळली म्हणजे दगडासारखी होते. बफेलोच्या दारांत बर्फाखालीं सपाट डांबर असतें; आमच्या वाटेवर गाळाखालीं कोठें दगड वर आला आहे आणि कोठें खांच पडली आहे, तें दिसत नाहीं. पात्याची स्प्रिंग एका दगडापासून वांचवील. शंभर दगडांपासून नाहीं. अमेरिकेंत जमतें तें साक्रींत कां जमूं नये, याचें पहिलें उत्तर हें. पातें तेंच असलें, तरी त्याच्यापुढचा पदार्थ तोच नाहीं.

दुसरा विचार कालाचा, म्हणजे वाहनाच्या वयाचा. येथें थोडें गणित सांगतों. घरांतील विद्यार्थ्यांनीं तें तपासून पहावें. जीपच्या पुढच्या व मागच्या आंसांत, ज्यास मिस्त्री एक्सल म्हणतात, २.४ मीटर अंतर आहे, आणि २०० किलोचें पातें पुढच्या आंसाच्या पुढें १.२ मीटरवर लोंबत आहे, असें धरा. तराजूच्या नियमानें पुढच्या आंसावर २०० नव्हे, तर ३०० किलो भार वाढतो. आणि मागच्या आंसावरील भार १०० किलोंनीं कमी होतो. म्हणजे पुढचीं चाकें दबतात व मागचीं उचललीं जातात. म्हणून त्या देशांतील जाणते लोक पातें बसविल्यावर वाहनाच्या मागच्या टोंकास वाळूच्या पिशव्या ठेवून तोल साधतात. केणी आणि पातें यांतील जो भेद वर सांगितला, तो येथें जाणवतो. मागें ओढावयाचें औत वाहनाच्या पाठीस जोडलें जातें; पुढें लोटावयाचें औत मात्र ज्या चाकांनीं वळावयाचें, नेमक्या त्याच चाकांवर बसतें.

हा वाढलेला भार नवें वाहन कांहीं वर्षें निमूट सोसतें. जुन्या वाहनांत तो प्रथम पाट्यांस, मग बेअरिंगांस, मग स्टिअरिंगच्या सांध्यांस जाणवतो. दर मिनिटास पुढें-मागें, पुढें-मागें करावें लागत असल्यामुळें हातानें गिअर बदलावयाच्या गाडीचा क्लच झिजतो; आपोआप बदलणाऱ्या गिअरची गाडी पुरती थांबण्यापूर्वीं उलटा गिअर टाकल्यास तो गिअरबॉक्स तापून कायमचा जातो. पातें वर उचलून लांब पल्ला चालविल्यास रेडिएटरला वारा लागत नाहीं आणि इंजिन तापतें. सर्वांत घातक म्हणजे गंज. बफेलोकडे रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि तें मीठ चासीस आंतून खातें. वरून रंग शाबूत आणि आंत पापुद्रे. आमच्या मळ्यावरील जीपला मिठाचा गंज नाहीं, पण तिची चासी दोन ठिकाणीं वेल्डिंग करून सांधलेली आहे. सांधलेल्या हाडानें रोज चालतां येतें. त्यावर ओझें घेऊन धडक देणें निराळें.

यावर आमच्या पुतण्यानें जो आक्षेप घेतला, तो मार्मिक होता. तो म्हणाला, ‘आपल्या आजोबांचे बैल नांगरहि ओढीत आणि छकडाहि ओढीत. मग जीपनेंच दोन कामें करूं नयेत, असें कां?’ प्रश्न बरोबर आहे; परंतु त्या बैलांची रीत आम्हांस आठवते. दुसऱ्या दिवशीं गांवाला जावयाचें असेल, तर आदल्या दिवशीं छकड्याच्या बैलांस नांगरास जुंपीत नसत. बैल थकला तर मान टाकतो, पाय ओढतो, आणि मालकास समजतें. म्हाताऱ्या बैलास हलकें काम देत, आणि पोळ्याच्या दिवशीं कोणाच्याहि मानेवर जूं ठेवीत नसत. यंत्र आपला थकवा क्वचितच सांगतें. तें ज्या क्षणीं सांगतें त्याच क्षणीं मोडलेलें असतें. म्हणून बैलाच्या बाबतींत जी दया पुरत असे, तिच्या जागीं यंत्राच्या बाबतींत हिशेब लागतो.

तिसरा विचार पात्राचा, आणि आमच्या मतें निर्णय येथेंच होतो. पात्र म्हणजे केवळ जीप नव्हे. त्या जीपवर अवलंबून असलेलीं माणसेंहि त्यांत आलीं.

बफेलोच्या पत्रांत प्रश्न पात्याचा होता, पण त्याच्यामागें भीति वेगळीच होती. आमचे थोरले बंधू चौऱ्याहत्तर वर्षांचे असून गेले दोन हिवाळे मुलाकडे आहेत. बसून खाणें त्यांच्या प्रकृतींत नाहीं. मुलगा उठण्यापूर्वीं, पहांटेच्या अंधारांत फावडें घेऊन दार मोकळें करणें, हें त्यांनीं आपलें नित्यकर्म करून टाकलें होतें. बर्फ वजनानें हलका असला तरी तो फावड्यानें उचलून टाकणें म्हाताऱ्या हृदयास फार धोक्याचें, असें डॉक्टर सांगतात. थंड हवेनें रक्तवाहिन्या आंखडतात, हातांच्या एकदम पडलेल्या जोरानें रक्तदाब चढतो, आणि मनुष्य नकळत श्वास रोखून धरतो. मुलगा किती वेळां सांगणार? वडिलांच्या हातांतून फावडें काढून घेणें मुलास अवघड असतें. परंतु फावड्यासाठीं कामच उरूं न देणें त्यास शक्य असतें. हें ध्यानीं आल्यावर त्या पात्याकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. शिवाय तेथें कामावर जाण्यासाठीं दुसरी मोटार आहे. जीप मोडली तर पैसे जातील; माणूस अडकणार नाहीं.

साक्रीस स्थिति बरोबर उलट आहे. मळ्यावर जीप एकच. डांबरी रस्त्यापर्यंत पोंचावयाचें तर तीच. रुग्णवाहिका १०८ क्रमांकावर बोलावितां येते, पण चिखलाच्या वाटेनें ती मळ्याच्या दारापर्यंत येईल असा भरंवसा धरतां येत नाहीं. आणि आमच्या या पुतण्याच्या पत्नीचे दिवस भाद्रपदांत भरतात. दुसरें बाळंतपण म्हणून तें सासरींच व्हावयाचें आहे. साक्रीस सोय न झाली तर धुळें पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पात्याची चर्चा दोन दिवस ओटीवर चालली होती. तिसऱ्या दिवशीं आमच्या धाकट्या भावजयीनें माजघराच्या दारांतून एकच वाक्य विचारलें: ‘गाळ लोटतांना जीपचा आंस मोडला आणि त्याच रात्रीं सूनबाईंना न्यावें लागलें, तर कशांतून न्यायचें?’ ओटीवर कोणापाशींहि उत्तर नव्हतें. आमच्या आंकडेमोडीनें जें चार पानांत सिद्ध केलें, तें त्या एका वाक्यांत आलें होतें.

संस्कृतांत अर्धकुक्कुटी म्हणून एक न्याय आहे. कोंबडीचा अर्धा भाग शिजवावा आणि अर्धा अंडीं घालण्यास ठेवावा, असें म्हणणाऱ्याची त्यांत थट्टा आहे. घरांत एकच वाहन असतां त्याच्या पुढच्या भागानें गाळ लोटावा आणि मागच्या भागानें माणसें न्यावीं, असें म्हणणें या न्यायाहून फार दूर नाहीं.

कायद्याचा विचारहि करणें अवश्य आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांत लिहिलेल्या मूळ रचनेंत मन मानेल तसा बदल करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. मोटारींच्या पुढें बसविल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्यांवर केंद्रीय परिवहन खात्यानें डिसेंबर २०१७ मध्यें कारवाई करण्यास राज्यांस कळविलें, कारण पायीं चालणाऱ्यास त्यांचा मार जीवघेणा होतो. दांडा जेथें चालत नाहीं, तेथें दोन मीटरचें धारदार पातें घेऊन बाजाराच्या दिवशीं साक्रींत शिरणें कसें चालेल? पंधरा वर्षांवरील खासगी वाहनाची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, व तेव्हां वाहन तपासलें जातें. आणि अपघात झालाच, तर असा बदल पाहून विमा कंपनी हात वर करण्याचा संभव आहे.

आतां निर्णय. बफेलोस आम्हीं ‘बसवावें’ असें कळविलें, पण अटी घालून. पहिली अट अशी, कीं पातें विकत घेण्यापूर्वीं जीप उचलून तिची चासी हातोडीनें ठोकून पहावी; जेथें आवाज बद्द येईल किंवा पापुद्रा गळेल, तेथें तो विचारच सोडावा. दुसरी, जीप वजनकाट्यावर नेऊन पुढचीं व मागचीं चाकें निरनिराळीं तोलावीं. प्रत्येक आंसाची मर्यादा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते. पात्याचा दीडपट भार मिळवून जर ती मर्यादा ओलांडली जात असेल, तर अधिक हलका संच पहावा. तोहि न बसल्यास पायीं चालत ढकलावयाचें बर्फ उडविण्याचें यंत्र घ्यावें, किंवा हंगामाच्या कराराने बर्फ काढून देणारे लोक तेथें असतात त्यांस काम द्यावें. तिसरी, पातें केवळ आपल्या दारासाठीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं अंगणें पैसे घेऊन साफ करण्याचा मोह धरूं नये, कारण जुनें वाहन एका घराचें काम करील, दहा घरांचें करणार नाहीं, आणि विम्याचे नियमहि तेथें बदलतात. चौथी, बर्फ थोडा असतांनाच वरचेवर लोटावा. तो फूट-दीड फूट सांचून ओला होईपर्यंत वाट पाहूं नये. आणि पांचवी, जी आम्हीं बंधूंच्या नांवें वेगळ्या पत्रांत लिहिली, ती ही, कीं पातें बसल्यावर फावडें तळघरांत जावें, व त्याची किल्ली सूनबाईंपाशीं असावी. आम्ही वयानें धाकटे. तरी एवढें लिहिण्याचा अधिकार घेतला.

साक्रीस ‘बसवूं नये’ असें ठरलें. परंतु नाहीं म्हणून थांबणें हें उत्तर नव्हे. कारण गाळ तर येणारच. पुतण्याचें दुःख खरें होतें, उपाय मात्र चुकीच्या टोंकास शोधला जात होता. गाळ वाटेवर आल्यावर तो लोटण्यापेक्षां तो वाटेवर येऊंच न देणें स्वस्त पडतें. वाटेच्या चढत्या अंगास चर खणावा, चराचें पाणी नाल्यास नेऊन सोडावें, जेथें नाला वाट ओलांडतो तेथें सिमेंटच्या नळाची मोरी घालावी, आणि वाट मधोमध किंचित उंच करून तीवर मुरूम दाबावा. इतकें करूनहि जो गाळ येईल, त्यासाठीं मागें पातें जोडलेला भाड्याचा ट्रॅक्टर बोलवावा. ट्रॅक्टर मोडला तर तो दुसऱ्याच्या दारीं दुरुस्त होतो, आणि आपली जीप गोठ्याशेजारीं सज्ज उभी असते.

हें शहाणपण कांहीं आमचें नव्हे. याच पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें शेतीस पाणी देण्याची जुनी वहिवाट आहे. नदीवर बंधारा, त्यापासून पाट, आणि पाटाखालील शेतांचे फड. पाटकऱ्यानें पाणी वांटावें आणि पाटांतील गाळ सर्व पाणीदारांनीं मिळून काढावा, अशी ती व्यवस्था. कोणा एकाच्या बैलांवर तें ओझें टाकीत नसत. आमच्या वाटेनें आणखी चार मळ्यांची ये-जा आहे. त्या चौघांशीं बोलणें झालें असून, येत्या पावसाळ्यापूर्वीं चर आणि मोरी सर्वांच्या वर्गणीनें व्हावयाची आहे. त्या कामाची देखरेख पुतण्यानेंच आपल्याकडे घेतली आहे. ज्याला कल्पना सुचते, त्याची कल्पना मोडली म्हणून त्याचा उत्साहहि मोडूं नये, तो दुसऱ्या कामीं लावावा, असें आम्हांस वाटतें.

जुन्या वाहनाच्या किंवा यंत्राच्या बाबतींत आमच्या वाचकांच्या घरींहि असे प्रसंग येत असतील. कोणी जुन्या मोटारीस मागें गाडा जोडूं पाहतो, कोणी विहिरीवरच्या जुन्या इंजिनास पिठाची गिरणी लावूं पाहतो. अशा वेळीं दुकानदाराचें बोलणें किंवा चित्रफीत पाहून निर्णय करूं नये. ज्यास लोटावयाचें वा ओढावयाचें त्याचें वजन किती, तें कागदावर मांडावें. वाहनाचें वय केवळ वर्षांनीं न मोजतां त्याच्या सांध्यांनीं मोजावें. आणि शेवटीं घरांतील सर्वांस, विशेषतः माजघरांतील माणसांस, एक प्रश्न विचारावा: हें उद्यां मोडलें तर कोणाचें काय अडेल? ‘कांहीं नाहीं, फार तर पैसे जातील’ असें उत्तर आलें, तर खुशाल प्रयोग करावा. प्रयोगावांचून विद्या वाढत नाहीं. परंतु उत्तरांत एखाद्या माणसाचें नांव आलें, तर तें यंत्र आहे त्याच कामावर, तेलपाणी करून, सज्ज ठेवावें.